चिठ्ठीत नसलेलं घर

हेमकांतच्या बँडगाडीवर मागच्या बाजूला, जनरेटरच्या उलट्या अंगाला, एक लोखंडी खुर्ची वेल्डिंग करून बसवलेली आहे. तीस वर्षं त्या खुर्चीवर हिंमतराव बसत. उजव्या हाताची दोन बोटं कायम मिक्सरच्या इकोच्या बटनावर. गायकानं ओळीचा शेवटचा शब्द लांबवला की बटन किंचित उजवीकडे, ऑक्टोपॅडचा ठेका पडला की परत डावीकडे. वरातीत गाणारा दिसतो, वाजवणारे दिसतात, नाचणारे तर नको तितके दिसतात. आवाज सांभाळणारा माणूस मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो. गेल्या दिवाळीनंतर हिंमतरावांच्या हाताला कंप सुटला, इको नको तिथे घुमायला लागला, तेव्हा कुठे लोकांनी वळून त्या खुर्चीकडे पाहिलं.

यंदाच्या अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, त्या खुर्चीवर त्यांची मुलगी चारुलता बसायला लागली. वय अठ्ठावीस, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि ब्राह्मणपुरीत एकदा नाही म्हणाली की नाहीच म्हणणारी म्हणून नाव झालेलं. बाईमाणूस वरातीच्या गाडीवर बसणार म्हटल्यावर गावात तोंडं वाकडी झाली. भाऊबंदांतल्या एकानं घरी येऊन हिंमतरावांना समजावून पाहिलं. चारुलतेनं त्याला चहा दिला आणि तो कप खाली ठेवेपर्यंत लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून निघूनही गेली.

तिचं म्हणणं साधं होतं. आमशा गातो ती वीस-पंचवीस गाणी ठरलेली. कोणत्या ओळीला इको उघडायचा, कुठे आवाज भरदार करायचा, कुठे एकदम कोरडा ठेवायचा, हेही ठरलेलं. मग ते बोटांनी कशाला करायचं? तिनं एकेक गाणं मोजून लॅपटॉपमध्ये घातलं. नवलसिंगनं ऑक्टोपॅडवर पहिली काठी मारली की लॅपटॉप ठेके मोजायला लागे आणि जागच्या जागी इको उघडे, मिटे, दुप्पट होई. नाचणारे ऐकेनात म्हणून आमशानं तीच ओळ चारदा घेतली तर पायाखाली एक पेडल होतं. ते दाबून धरलं की मोजणी तिथेच थांबे. आवाजाच्या अशा प्रत्येक ठेवणीला ती सीन म्हणे. एक ते आठ सीन गाण्यांचे.

नववा सीन सुतकाचा.

तो कोणत्याच गाण्याला जोडलेला नव्हता. सुतकाच्या घरावरून वरात जाताना बँड वाजत नाही, ही आपल्याकडची रीत. हिंमतराव प्रत्येक ऑर्डरीच्या आदल्या दिवशी फोन करकरून चौकशी करत आणि चिठ्ठी लिहीत: अमुक गल्ली, तिसरं घर, सव्वा महिना व्हायचाय. ते घर आलं की आधी इको बंद, मग आवाज बंद, आणि गाडी खाली मान घालून पुढे. चिठ्ठी हातात असताना त्यांची कधी चूक झाली नाही. चारुलतेनं त्या मौनासाठी एक वेगळी की ठेवली आणि तिच्यावर लाल टिकली चिकटवली. ती की फक्त तिनं, चिठ्ठी बघून, स्वतःच्या बोटानं दाबायची.

हेमकांतनं अट घातली होती. शेवटच्या मुहूर्तापर्यंत एकही वरात अडखळली नाही तर खुर्ची तिची, कायमची. एकदा जरी बोंब झाली तर पुढच्या हंगामाला नंदुरबारहून दुसरा माणूस येईल. चारुलतेला ती खुर्ची हवी होती. वडिलांची म्हणून हवी होती, आणि गावानं नाक मुरडलं म्हणून तर दसपट हवी होती.

हंगाम सरत आला तेव्हा ती खांडबाऱ्याकडच्या सलग ऑर्डरींना गेली आणि चार दिवस आत्याकडे राहिली. परतली तेव्हा आईवडीलही सुरतेहून नुकतेच आले होते. ललितनं, तिच्या धाकट्या भावानं, तिथे नवी खोली घेतली होती, ती बघायला गेलो होतो असं आई, मीनाबाई, म्हणाली. खोली कशी आहे, तर बरी आहे. ललित कसा आहे, तर बरा आहे, फोन बिघडलाय त्याचा, तू ऑर्डरीला जातेस तेव्हा मित्राच्या फोनवरून करतो. हिंमतरावांना तिकडे ऊन बाधलं होतं. डोक्याला पंचा बांधून ते ओट्यावर बसले होते. जेवतानाही त्यांनी तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हसावदची ऑर्डर होती. चिठ्ठीत दोन घरं होती, दोन्ही व्यवस्थित पार पडली. वरात पुढे एका वळणावर आली, उजव्या हाताला निळ्या दाराचं घर, दारात बायका पोरांना कडेवर घेऊन वरात बघत उभ्या. आमशा ओळीच्या अर्ध्यात होता. इको तुटला. मग आवाजही गेला. मोकळ्या हवेत नवलसिंगच्या काठ्यांची प्लॅस्टिकवर टकटक तेवढी ऐकू आली.

पडद्यावर नऊचा आकडा पेटला होता.

चारुलतेचे दोन्ही हात मांडीवर होते. तिनं झटकन एक दाबला. आवाज आला, गेला, पुन्हा नऊ. गाडी त्या घरापुढून सरकली तसा एक आपोआप परत आला आणि लोक नाचायला लागले. अकरा सेकंद, पुढे तिनं रेकॉर्डिंगमध्ये मोजलं.

केबल ढिली असेल, की अडकली असेल, उन्हानं लॅपटॉप तापला असेल. तिनं घरी सगळं उकलून पाहिलं. काहीच सापडलं नाही याचा तिला राग आला. सकाळी म्हसावदहून फोन आला, वरातवाल्यांचाच. निळ्या दाराच्या घरातला म्हातारा नाशिकला लेकाकडे गेला होता. तो तीन दिवसांपूर्वीच तिथे वारला होता. सुनेला कळवायचं कुणी, यावरून भावांचं बोलणं अडलं होतं. बातमी घरी पोचली ती वरातीनंतर दोन तासांनी.

हिंमतरावांनी हे ऐकून घेतलं आणि किती सेकंद, एवढंच विचारलं. तिनं सांगितलं.

"काढी टाक ते नऊ," ते म्हणाले. "सराई व्हई जाऊ दे, मंग दखू."

तिलाही तेच वाटत होतं. तिनं सीन नऊ पुसून टाकला. पुढच्या ऑर्डरीला सुतकाचं घर आलं की हातानंच फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली घ्यायचा, वडिलांसारखा. लाल टिकलीची कीसुद्धा तिनं चिमट्यानं उपटून काढली आणि दिव्याच्या कोनाड्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर यादीत आठच्या खाली नऊ होता. तिनं पुन्हा पुसला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा तिनं पुसलाच नाही. एका आकड्यापुढे हात जोडायची तिची तयारी नव्हती. राहायचं तर राहा म्हणाली आणि पिशवीची चेन लावून टाकली.

पाच दिवसांनी तापीकाठच्या एका गावात मोठं लग्न होतं. केळीच्या बागायतदाराचं घर, अंगणात मांडव, शे-दोनशे फेटे. नवरदेवाची मिरवणूक गावभर फिरून ऊन कलायच्या वेळेला त्याच्याच दारात आली. इथे सगळ्यात जास्त वाजवायचं असतं. आमशानं खास राखून ठेवलेलं गाणं धरलं, इको दुप्पट व्हायची ओळ आली, पोरांनी हात वर केले.

आणि नऊ पेटला.

वर केलेले हात तसेच राहिले. घोडा फुरफुरला, ते सगळ्या अंगणानं ऐकलं. चारुलतेनं एक दाबला, दोन दाबला, फेडर वर ढकलला. गाडीचे भोंगे मुके. आमशाच्या हातात माईक होता, त्याचा हिरवा दिवा चालू होता, आणि तो गात नव्हता. हेमकांतनं त्याला कोपरानं ढोसलं.

"माईक चालू शे," आमशा हळूच म्हणाला. "मन्हा गळामा सूर येत नही."

नवरदेवाचे काका गाडीवर चढले. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास येत होता आणि मानेवरून घाम निथळत होता. म्हसावदची गोष्ट त्यांच्या कानावर आलेली दिसत होती, कारण त्यांनी मशीनला काय झालं असं विचारलंच नाही.

"आमना घरमा कोणी मरेल नही शे," ते म्हणाले. "वाजाड."

हेमकांत तिच्या कानाशी येऊन सांगत होता, लॅपटॉपची वायर उपट, माईक थेट अँप्लिफायरला लाव, दोन मिनिटांचं काम आहे. तसं करता आलं असतं. वायर तिच्या हाताशीच होती. तिनं ती धरलीही. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. नवरदेवाची आई, तापीबाई, औक्षणाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. नवी कोरी पैठणी, गळ्यात सोनं, आणि पदराचा बोळा दातांत गच्च धरलेला. ताटातला दिवा थरथरत होता. वारा नव्हता.

चारुलतेनं वायर सोडली.

काका म्हणाले की बाईमाणूसले गाडीवर बसाडं, तठेच चुकनं. खाली कुणीतरी हसलं. हेमकांतनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की खुर्ची गेलीच म्हणून समज. ते सगळं तिला कळलं, आणि कळल्यावर तिच्या अंगात जे काही उठलं त्याला भीती म्हणत नाहीत. ती उभी राहिली.

"घरमा कोणी मरेल नही व्हई, ते मी आठेच उतरसू," ती काकांना म्हणाली. "पन आधी त्या मायले विचारा."

कुणी विचारलं नाही. गरज पडली नाही. तापीबाईनं ताट उंबऱ्यावर ठेवलं, नीट, दिवा न विझवता. मग ती तिथेच बसली आणि दातांतला पदर सोडला.

"मन्ही आंडेर गयी," ती म्हणाली. "बारा दिन व्हयनात. लगीन व्हई जाऊ दे म्हनेत. माले रडू बी दियं नही."

मग ती रडली. मुलगी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून बडोद्याला गेली होती, तिथेच बाळंतपणात गेली. हे नंतर बायकांनी सांगितलं. त्या वेळी फक्त तो आवाज होता, आणि दोनशे माणसं फेटे बांधून तो ऐकत उभी होती. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि आईजवळ जाऊन बसला. त्याला माहीत नव्हतं.

गाडी न वाजवता गावाबाहेर आली. नदीच्या पुलावर पोचल्यावर हेमकांत बोलला. एकच ऑर्डर उरली होती, चार दिवसांनी, ब्राह्मणपुरीचीच.

"लॅपटॉप घर ठेव," तो म्हणाला. "हातवर चालाव. लोके घाबरी ऱ्हायनात."

"लॅपटॉप ऱ्हाई," चारुलता म्हणाली. "नही ते मी बी नही."

हेमकांतला ऐकावं लागलं, कारण चार दिवसांत दुसरा माणूस मिळणार नव्हता. ही शेवटची वरात नीट पार पडली तर खुर्ची तुझी, नाहीतर नंदुरबारचा माणूस, असं त्यानं बजावलं. लोक घाबरले होते हे खरंच होतं. परतीच्या वाटेवर प्रत्येक गावात गाडी दिसली की दारातल्या बायका हसायच्या थांबत, आणि त्यांची बोटं हळूहळू हलायला लागत. दोन गावं मागे पडली तेव्हा चारुलतेच्या लक्षात आलं की त्या आपापल्या घरातली माणसं मोजताहेत. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. कुणीतरी मोजायलाच हवं होतं, असं तिला वाटलं.

ब्राह्मणपुरीच्या ऑर्डरीच्या सकाळी ती वही घेऊन वडिलांपुढे बसली. त्यांना आता लिहिता येत नव्हतं, ते सांगत आणि ती लिही. मीनाबाई आत भाकरी थापत होती.

"लिखी ले," हिंमतराव म्हणाले. "ब्राह्मणपुरीमा एक बी घर नही."

आतली थाप थांबली. मग परत सुरू झाली. चारुलतेनं तसंच लिहिलं: ब्राह्मणपुरी, एकही नाही. खाली तारीख घातली. अप्पा, पंचा तरी सोडा, घामानं डोकं भिजलंय, असं ती उठता उठता म्हणाली. डॉक्टरनं सांगितलंय, ते म्हणाले, आणि मग, जरा थांबून, आजचा दिवस नीट पार पडला की खुर्ची तुझी ना, असं विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी मान हलवली. ते तिच्याकडे इतक्या मायेनं बघत होते की तिला अवघडल्यासारखं झालं.

वरात पाचला निघाली. गाव ओळखीचं, गाणी घटवलेली, आमशाचा गळा साफ. मारुतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकही इको चुकला नाही. ज्यांनी तोंडं वाकडी केली होती तेच आता गाडीच्या मागे नाचत होते आणि त्यातल्या एकानं तिला वर बघून हातही केला. तिनं केला नाही. शेवटची गल्ली उरली होती. ती तिची स्वतःची गल्ली होती.

नवलसिंगनं नवा ठेका धरला. लॅपटॉप मोजत होता. पहिलं घर गेलं, दुसरं गेलं. पुढे कडुनिंबाच्या सावलीत तिच्या घराचा ओटा दिसायला लागला. ओट्यावर हिंमतराव, डोक्याला पंचा. मागे दारात मीनाबाई.

नऊ पेटला.

गाडी थांबली. कुणी थांबवायला सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर आरशातून मागे बघत होता. नवलसिंगनं काठ्या खाली ठेवल्या. आमशानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

चुकला, चारुलतेला वाटलं. पहिल्यांदाच चुकला. हे माझं घर आहे, इथलं मला माहीत आहे. सगळ्या गावांत त्या आकड्याची बाजू घेऊन ती उभी राहिली होती. आता त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडायला तिला काहीच वाटत नव्हतं. चिठ्ठी खिशात होती. एकही नाही.

मग तिची बोटं हलायला लागली.

आई दारात. वडील ओट्यावर. मी इथे.

तिनं बोट मुठीत मिटून घेतलं. नाही म्हणजे नाही. तिनं नऊवरून एक केला. परत नऊ झाला. तिनं परत एक केला आणि बोट दाबूनच धरलं. पडद्यावर एक टिकला. इकोची रेष तिनं पार वरपर्यंत ओढली, कोणत्याही गाण्याला कधी ठेवली नव्हती इतकी; एक शब्द बोलला तर गल्लीभर सात-आठदा घुमला पाहिजे. दुसऱ्या हातानं तिनं आमशाच्या हातातला माईक घेतला.

भोंगे चालू होते. तिला स्वतःचा श्वास त्यांतून ऐकू आला.

"ललित," ती म्हणाली.

नाव भोंग्यातून बाहेर पडलं. एकदाच. कोरडं.

ती थांबली. पडद्यावर एकच होता, इको उघडा होता. गल्लीत कुणी हललं नाही. नाव परत आलं नाही.

दारात मीनाबाई खाली बसली.

हिंमतरावांनी हात वर नेला. पंच्याची गाठ लवकर सुटेना. मग सुटली, आणि त्यांनी पंचा काढून मांडीवर ठेवला. अकरा दिवसांत उगवतात तेवढेच केस त्यांच्या डोक्यावर होते.